श्री. अज्ञात इसम यांस अनावृत पत्र

प्रति,
श्री. अज्ञात इसम,
मालक, इंजिन बोट (विनाक्रमांक),
मु. गोदावरीचं पात्र, जि. नांदेड
(शाखा: मांजराकाठ, येसगी, ता. बिलोली)

सा. न. वि. वि.

आपला पत्ता हुडकायला वेळ लागला नाही. काठावरच्या कुठल्याही गावात चहाच्या टपरीवर विचारलं की लोक हसतात आणि नदीकडं हात करतात. अडचण आली ती नावाची. पंचनाम्यात, फिर्यादीत आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात आपला उल्लेख ‘अज्ञात इसम’ असाच असतो, म्हणून मीही सरकारी रिवाज पाळला. रागावू नये.

खरं सांगायचं तर मला आपलं कौतुक वाटतं. इंजिन बोट म्हणजे काही कागदाची होडी नव्हे. तिला लोखंडी पत्रा लागतो, डिझेल इंजिन लागतं, सक्शन पंप आणि लांबच लांब पाइप लागतो. परराज्यातून आणलेले मजूर लागतात, त्यांना महिन्याचा किराणा लागतो. काठावर जेसीबी लागतो, पुढं हायवा लागतात, आणि तहसील कार्यालयासमोर मोटारसायकलवर बसून ‘साहेब निघाले’ एवढंच कळवणारी चार पोरं लागतात. एवढा संसार ज्याच्या पैशावर चालतो, त्याचं नाव पंचक्रोशीत कुणालाच ठाऊक नसावं, ही साधीसुधी गोष्ट नाही. आम्ही हेल्मेट न घालता चौक ओलांडला तर मोबाइलवर चलन येतं, त्यात नाव, गाडीचा नंबर आणि आमचा बावळट चेहरा, तिन्ही असतात.

आता आपल्या नौकानयनाविषयी. परदेशात म्हणे शहरातल्या कालव्यांवर लोक पिऊन बोटी दामटतात आणि काठावर राहणाऱ्यांची झोप मोडते. ॲमस्टरडॅमसारख्या गावात तर कालव्यातल्या बोटींना वेगमर्यादा आहे. आमच्याकडं कालवा म्हणजे कॅनॉल. त्यात बोट घालायची तर आधी पाळी सुटली पाहिजे. सुटलेलं पाणी वरच्या मोटारींतून उरलं तर टेलला पोचतं, आणि टेलच्या शेतकऱ्याला बोटीची नव्हे, भुईमुगाची काळजी असते. वर्षातले बाकीचे महिने कॅनॉलात शेळ्या चरतात. त्यामुळं बेधुंद जलविहाराचा मान मराठवाड्यात गोदावरीकडं आणि मांजरेकडंच आला, आणि तो आपण एकहाती सांभाळलात.

नियम सांगतो की रेती दिवसाउजेडी काढायची. आपली बोट मात्र निजानीज झाल्यावर धडधडू लागते. त्या वेळी बोटीवरचा, जेसीबीवरचा आणि हायवावरचा, यांच्यापैकी शुद्धीवर किती जण आहेत हे तपासायची सोय नाही. रस्त्यावर तोंडापुढं नळी धरायला पोलीस उभे असतात. मोटार वाहन कायद्याच्या 185 कलमानुसार 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर दारू निघाली की पहिल्या खेपेला 6 महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. पण तो कायदा चाकांचा. नदीत नळी घेऊन कोण उतरणार? सकाळी काठावर जे सापडतं त्यावरून काय तो अंदाज बांधायचा: देशीच्या रिकाम्या बाटल्या, चेपलेले प्लास्टिकचे ग्लास, फुटाण्याचे पुडे, आणि पाण्यावर पसरलेला डिझेलचा सप्तरंगी तवंग. त्याच पाण्यात थोड्या वेळानं दशक्रियेला आलेली माणसं उतरतात. मयताच्या पोराचं डोकं भादरून झालेलं असतं, ओंजळीत पिंड असतो, आणि तो हातानं तवंग बाजूला सारून बुडी मारतो.

पाण्यासाठी कायदा नाही असं मात्र समजू नये. बेदरकारपणे बोट हाकणं हा इंग्रजांनी 1860 सालीच गुन्हा ठरवला होता, दंड विधानाचं 280 कलम. 1 जुलै 2024 पासून न्याय संहिता आली, तिच्यात तेच 282 झालं. कैद 6 महिन्यांपर्यंतच राहिली, दंड 1,000 वरून 10,000 रुपयांपर्यंत गेला. शिवाय 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्यानं इंजिनावर चालणाऱ्या बोटीची नोंदणी आणि तपासणी सक्तीची केली आहे. आपल्याकडं बोट चर्चेत येते ती माणसं बुडाल्यावर. 21 मे 2024 ला उजनीच्या जलाशयात कुगावहून कळाशीकडं निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली, सहा जण गेले, आणि मग लाइफ जॅकेटची चर्चा काही दिवस झाली. आपल्या बोटीत माणसं बसत नाहीत, रेती बसते. माणसं बुडतात ती नंतर, बोटीपासून लांब, आणि ती बोटीच्या हिशेबात धरायची पद्धत नाही.

हे जरा नीट सांगतो, कारण बोटीचा मालक रात्री घरी झोपलेला असतो, त्याला पात्र आतून कसं दिसतं हे कदाचित माहीत नसेल. पंपाचा पाइप तळाला टेकला की तो पाणी आणि रेती एकत्र ओढतो. पाणी निथळून परत नदीत जातं, रेती वर राहते. जिथं पाइप टेकलेला असतो तिथं उभी विहीर पडते, आणि तिच्या कडेची रेती आत घसरत राहते. वरून काहीच कळत नाही. पाणी शांत असतं, उलट इतर ठिकाणापेक्षा जास्तच शांत. पोहायला आलेलं पोरगं गुडघाभर पाण्यात उभं असतं. ते एक पाऊल पुढं टाकतं, पायाखालची रेती सुटते, आणि पुढं तळच नसतो. परत फिरावं तर कड ढासळते, धरायला काही नाही.

गंगेला डोह पूर्वीही होते. (आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात, तेव्हा आपण पवित्र कार्यात आहात.) पण प्रत्येक डोह गावाला ठाऊक होता. कुठं बैल धुवायचा, कुठं पोरांनी उतरायचं नाही, हे भोयांची म्हातारी माणसं बोटानं दाखवत. आपण रोज रात्री नवा डोह पाडता आणि त्याचा ठावठिकाणा सांगायला कुणी नसतं. जाळं टाकणाऱ्या भोयालाच काल जिथं वेळू टेकत होता तिथं आज टेकत नाही.

बाकीचं नुकसान मी भराभर उरकतो, कारण ते आपण ऐकलेलं असणार. नदीतली रेती पाणी धरून ठेवते. ती गेली की पात्र लवकर आटतं आणि काठच्या विहिरी खाली जातात. पुलाच्या खांबाभोवतीची रेती गेली की पाया उघडा पडतो. पिण्याचं पाणी उचलणाऱ्या जॅकवेलपाशी गाळ आणि तेल येतं. आणि नंबरप्लेटला चिखल फासलेला हायवा पहाटे गावातून सुटतो, तेव्हा दूध घालायला निघालेल्या माणसानं गटारात उडी मारायची असते. रस्ता ग्रामपंचायतीचा, खड्डा ग्रामपंचायतीचा, ट्रिप आपली.

लातूरकरांची गोष्ट आपल्याला आवडेल. 2016 च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं, पाण्याच्या टाक्यांभोवती भांडणं नकोत म्हणून जमावबंदी लावावी लागली, आणि 12 एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे लातुरात आली. 10 वाघिणी, 5 लाख लिटर. पुढं 50 वाघिणींची गाडी येऊ लागली. त्याच उन्हाळ्यात लातूरकरांनी वर्गणी गोळा करून साईपासून नागझरीपर्यंत मांजरेचं पात्र खोल केलं. मास्तरांनी, डॉक्टरांनी, व्यापाऱ्यांनी पावत्या फाडल्या. नदी खोदायला वर्गणी लागते, हे वाचून आपल्याला हसू आलं असेल. आपण तर कुणाकडं रुपया न मागता खोदता, आणि तेही रातोरात. गंमत एवढीच की ज्या शहराला पाणी साडेतीनशे किलोमीटरवरून रुळांवर आणावं लागलं, त्या शहरातल्या क्लासच्या आणि होस्टेलच्या इमारतींना रेती कधी कमी पडल्याचं मी ऐकलं नाही.

पाण्याचा हिशेब कसा असतो ते धर्माबाद तालुक्यात बघा. बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे 1 जुलै ते 28 ऑक्टोबर उघडे ठेवायचे आणि 1 मार्चला 0.6 टीएमसी पाणी खाली सोडायचं, हे सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी 2013 मध्ये तारीखवार ठरवून दिलं. दरवर्षी त्या-त्या तारखेला अधिकारी बंधाऱ्यावर जमतात, पाणी मोजून देतात. त्याच नदीच्या त्याच पात्रातून किती ब्रास रेती गेली हे विचारलं तर उत्तर ‘अंदाजे’ या शब्दानं सुरू होतं.

सरकार आपल्या विरोधात आहे असंही म्हणवत नाही. 2023 मध्ये सरकारनं डेपोतून 600 रुपये ब्रासनं रेती द्यायचं ठरवलं. ग्राहक ऑनलाइन नोंदणी करून वाट बघत बसला, आणि आपला माणूस फोनवर भाव सांगून मोकळा झाला. मग 2025 मध्ये पुन्हा लिलाव आले, दगडाच्या कृत्रिम रेतीचं धोरण आलं, घरकुलवाल्याला 5 ब्रासपर्यंत रेती मोफत द्यायचं ठरलं. घरकुलवाली बाई स्लॅबपर्यंत येऊन थांबली आहे. तिची 5 ब्रास रॉयल्टीच्या कागदात आहे, आपली 5 ब्रास आज रात्री तिच्या दारात पडू शकते. धोरण बदललं की आपल्याला फक्त भाव बदलावा लागतो.

आपल्यासाठी खास कायदाही आहे, आणि त्याचं नाव मला फार आवडतं. मूळ 1981 चा. झोपडपट्टी गुंड, हातभट्टीवाले, औषधीद्रव्यविषयक गुन्हेगार, धोकादायक व्यक्ती, विनापरवाना सिनेमे दाखवणारे अशी पंगत त्या नावात मांडली आहे. वाळू तस्करांना मागाहून तिथं पाट मिळाला. हातभट्टीवाला आणि रेतीवाला एकाच पंगतीत बसवणारा मसुदाकार कधीतरी रात्री काठावर येऊन गेला असावा. या कायद्यानं माणसाला वर्षभरापर्यंत स्थानबद्ध करता येतं. पण स्थानबद्ध करायला आधी इसम ज्ञात असावा लागतो.

म्हणून मग जिलेटिन. नांदेडात हे आता नेहमीचं झालंय. महसूलचं पथक पहाटे पात्रात उतरतं. मजूर उड्या टाकून पळतात, एखादा सापडतो. तराफे पेटवले जातात. बोटीला जिलेटिनच्या कांड्या लावल्या जातात, सगळे लांब उभे राहतात, धडाका होतो, पाण्याचा आणि पत्र्याचा फवारा उडतो. व्हिडिओ दुपारपर्यंत जिल्हाभर फिरतो, खाली ओळ असते: इतक्या लाखांचा मुद्देमाल नष्ट. मी या पथकांची चेष्टा करणार नाही. रात्री-अपरात्री नदीत उतरणाऱ्या तलाठ्यांवर आणि तहसीलदारांवर याच धंद्यातल्या लोकांनी गाड्या घातल्या आहेत, दगड घातले आहेत. जीव मुठीत घेऊन केलेलं काम आहे ते. पण बोट उडते, बोटवाला उडत नाही. पत्रा नदीच्या तळाशी जातो, आठ-पंधरा दिवसांत दुसरी बोट येते, आणि तिचाही मालक अज्ञात.

आणि इथंच मला आपल्या नशिबाचा हेवा वाटतो. त्या बोटीवर आपली ओळख पटवणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे इंजिन. ते नदीत उगवत नाही. कुठल्यातरी जुन्या ट्रकचं किंवा कुठल्यातरी दुकानातलं असतं, आणि त्याच्या अंगावर कारखान्यानं क्रमांक ठोकलेला असतो. त्या क्रमांकावरून विकणारा सापडतो, विकणाऱ्याकडून घेणारा सापडतो. स्फोटात सगळ्यात आधी उडतो तो हा क्रमांक. आपल्याविरुद्धचा पुरावा सरकारी खर्चानं नष्ट करून मिळतो, वर टाळ्याही सरकारलाच मिळतात. याहून सुखाचा धंदा मराठवाड्यात दुसरा नाही, सोयाबीनवाल्यांना विचारा.

आपल्याकडं मागणं थोडकंच आहे. बोटी बंद करा असं म्हणून मी आपला वेळ घेणार नाही. पावसाळ्यात 10 जून ते 30 सप्टेंबर उपसा बंद असतो, हेसुद्धा आपल्याला अजून कुणी कळवलेलं दिसत नाही. पण आपण पाडलेला खड्डा नेमका कुठं आहे, हे अख्ख्या जिल्ह्यात फक्त आपल्या माणसांना माहीत असतं. तेव्हा पहाटे बोट हलवताना तिथं एक वेळू रोवावा आणि त्याला लाल फडकं बांधावं. फडक्यावर नाव घालायची सक्ती नाही. पोळ्याला बैल धुवायला, गणपती बुडवायला आणि राख सावडून आल्यावर आंघोळीला नदीत उतरणाऱ्यांना एवढं पुरे होईल.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
काठावरचा एक रहिवासी

प्रत माहितीस्तव व पुढील कार्यवाहीस्तव: गोदावरी व मांजराकाठच्या सर्व तालुक्यांचे मा. तहसीलदार आणि पोलीस निरीक्षक. बोटीला जिलेटिन लावण्याआधी इंजिनाचा क्रमांक पंचनाम्यात लिहून घ्यावा, इंजिन काढून जप्त करावं, आणि ते कुणी कुणाला विकलं याचा तपास संपेपर्यंत फिर्यादीत ‘अज्ञात इसम’ लिहून प्रकरण मिटवू नये, ही विनंती.