जरा हलू नका
फोटोग्राफीच्या क्लासला पहिल्याच रविवारी सरांनी कॅमेरे पिशवीत ठेवायला लावले आणि इतिहास काढला. पडद्यावर १८३८ सालचं पॅरिस, लुई दागेरने खिडकीतून टिपलेला रस्ता. भरदिवसा वर्दळीचा, पण चित्रात ओस. प्लेटवर काही उमटायलाच मिनिटं लागायची, तेवढा वेळ थांबतंय कोण? थांबला एकच, बूट पॉलिश करून घेणारा. एक पाय वर ठेवून अमर झाला. पॉलिशवाला मात्र धूसर, कारण त्याचे हात चालत होते. (आमच्या ऑफिसच्या ग्रुप फोटोतही काम करणाऱ्यांचं हेच होतं.) सर प्रश्न विचारायला वळले, तोवर शेजारच्या काकांनी मोबाइलवर पडद्याचे चौदा फोटो काढले होते. तेरांत सरांचं डोकं, चौदाव्यात बोट.