वंशावळीचे झाड

अंतरवाली सराटीचे नाव 2023 च्या मराठा आरक्षणाच्या उपोषणामुळे उभ्या महाराष्ट्रास ठाऊक झाल्यापासून अंबड तालुक्यातील या आमच्या गावी वंशावळ काढणे हा शेतीच्या खालोखालचा उद्योग होऊन बसला असून, बापाचा बाप, त्याचा बाप असे चढत चढत, निजामी अमलातील उर्दू वा मोडी दप्तरात आरक्षणाच्या दाखल्यासाठी लागणारी ‘कुणबी’ ही नोंद हाती लागेपर्यंत दम न खाणारी माणसे येथे पारावर बसल्या जागी भेटतात.

अशा गावी सुट्टीस आलेल्या माझ्या भाच्याने, जावास्क्रिप्टच्या साहाय्याने, मोबाइलच्या ब्राउझरमध्ये एक झाड डोलवून दाखविण्याचा घाट घातला. बेन्वा मँडेलब्रो या गणितज्ञाने 1975 साली ज्यांना ‘फ्रॅक्टल’ असे नामाभिधान दिले, त्या कुळातले हे झाड. त्याची रीत अशी की, ‘फांदी’ नावाचे एक फंक्शन रेघ ओढते आणि तिच्या टोकाशी, किंचित डावीउजवीकडे कलून, सुमारे सात-दशांश लांबीच्या दोन रेघांसाठी स्वतःलाच हुकूम सोडते. हुकूम देणारा, तामील करणारा आणि ‘तामील झाली’ असा शेरा मारणारा एकच, हे पाहून महसूल खात्यात हयात घालविलेल्या मला गहिवर आला.

फक्त हुकूम कुठे थांबवावा, ही अट आधी घालावी लागते. दहा पिढ्यांत 1,023 फांद्या होतात. वीस पिढ्यांत 10,48,575, आणि डोलण्याचा भास व्हावा म्हणून पडदा सेकंदास साठ वेळा नव्याने रंगवायचा, म्हणजे रेघा सहा कोटींहून अधिक! भाच्याने उत्साहाच्या भरात वीसचा आकडा घातला, तेव्हा मोबाइल तापून निपचित पडला. यंत्राच्या दप्तरात नोंद सापडण्याची सोय नसल्यामुळे त्यास मुकाट्याने दहाव्या पिढीवर आणावे लागले.

पारावरच्या आबांनी ते डोलणारे झाड बराच वेळ न्याहाळले. “परत्येक टोकाला दोन फांद्या; म्हंजी आईकडचं बी धरलंय व्हय?”

दाखल्याची वंशावळ बापाकडूनच चढते आणि सोयऱ्यांचे काय, हा 26 जानेवारी 2024 च्या सरकारी ‘सगेसोयरे’ मसुद्यापासूनचा वाद आहे, असा खुलासा मी कारकुनी निष्ठेने केला. भाच्याने लगोलग दुसरा हुकूम पुसला. क्षणार्धात झाड नाहीसे झाले आणि एकाच अंगास वळत गेलेली, विंचवाच्या नांगीसारखी एक रेघ पडद्यावर आकसू-पसरू लागली.

“सोयरे तोडल्यावर असंच व्हायचं,” आबा म्हणाले. “घाल ते माघारी.”