वीस गुणांचं ग्रंथालय

अचलपूर-परतवाड्याकडच्या एखाद्या महाविद्यालयात एप्रिलच्या दुपारी जाऊन बघा. व्हरांड्यात चिटपाखरू नसतं, वर्गांना कुलपं असतात, आणि ग्रंथालयात मात्र बूड टेकायला जागा नसते. वऱ्हाडात वाचनसंस्कृती बहरली म्हणून पाहुण्याला भरून यायचं. त्यानं जरा टेबलांवर नजर टाकावी. ज्याच्या-त्याच्या समोर पोलीस भरतीचं नाहीतर तलाठी भरतीचं गाईड, तेही घरून आणलेलं. निम्मी टेबलं कूलरच्या दिशेनं सरकलेली. देवघेव काउंटरवर एक पोट्टा येतो आणि विचारतो, "सर, पुस्तक नाई पायजे. चार्जर कुठी लावू?"

हसू नका. दाराशी रजिस्टरमध्ये सही करून तो आत आला, तेव्हाच तो 'ग्रंथालय वापरकर्ता' झाला. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या संलग्नित महाविद्यालयांसाठीच्या नियमावलीत हजारापैकी वीस गुण ग्रंथालयाला ठेवलेले, आणि रोज किती जण आले हे त्या विसांतच मोजलं जातं. काय वाचलं, असा रकाना नाही. त्यामुळे कूलरमधलं पाणी संपलं की वापरकर्ते घटतात आणि मटक्यात बर्फ पडला की वाढतात. माझं तर मत आहे की कूलरचा खर्च ग्रंथखरेदीच्या शीर्षाखालीच दाखवावा. हिशेब निदान खरा होईल.

ग्रंथालयांच्या भूमिका विस्तारताहेत, असं हल्ली प्रत्येक चर्चासत्रात ऐकू येतं. खोटं नाहीच ते. रंगनाथन यांनी १९३१ साली पाच नियम सांगितले, त्यातला शेवटचा होता: ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे. पुस्तकं वाढतील, वाचक वाढतील आणि सेवकही वाढतील, असा त्यांचा हिशेब. आम्ही त्यातलं तिसरं कलम खोडून बाकीचा नियम मंजूर केला. विद्यापीठ कायद्यानं २०१६ मध्ये विद्यापीठाच्या ग्रंथपालाला ज्ञानस्रोत केंद्राचा संचालक केलं. पाटी बदलायला पैसे लगेच मिळतात. महाविद्यालयात सहायक ग्रंथपाल निवृत्त होऊन जातो, त्याची खुर्ची तेवढी जडसंग्रह नोंदवहीत उरते.

उरतो एक ग्रंथपाल. सकाळी तो पुस्तकांना दाखल क्रमांक टाकतो. अकराला ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सची खाती उघडून देतो, कारण 'संगणक तुमच्याकडेच आहेत ना'. दुपारी परीक्षेचं पर्यवेक्षण असतं, मधल्या वेळेत नॅकची फाईल. निवडणूक लागली की मतपेटीही त्याच्याच राशीला. भूमिका विस्तारल्या म्हणतात त्या ह्याच.

त्यातून ई-साधनं आली. इन्फ्लिबनेटच्या 'एन-लिस्ट' योजनेत अनुदानित महाविद्यालयाला वर्षाकाठी सहा हजार रुपयांच्या आत सहा हजारांवर नियतकालिकं मिळतात, लाखावर ई-पुस्तकं वेगळीच. म्हणजे रुपयाला एक नियतकालिक. परतवाड्याच्या बाजारात रुपयात सांबाराची काडी येत नाही! योजना खरोखर गुणाची आहे, आणि इथल्या पोरांना पुण्या-मुंबईच्या पोरांइतकंच दार उघडं करून देणारी आहे. फक्त दारापर्यंत कोणी न्यायला हवं. आपल्याकडे काय होतं, तर नॅकची समिती यायच्या वर्षी सगळ्या विद्यार्थ्यांची घाऊक लॉगिन तयार होतात, पासवर्डांची यादी छापून तिला स्पायरल बाइंडिंग होतं आणि ती कपाटात जाते. विद्यार्थ्याला आपलं लॉगिन आहे हे कळायच्या आत त्याची पदवी होते.

त्यावर केंद्रानं नोव्हेंबर २०२४ मध्ये 'एक देश एक वर्गणी' योजना मंजूर केली. तीन वर्षांना सहा हजार कोटी, तीस प्रकाशक, तेरा हजारांच्या आसपास नियतकालिकं. पहिला टप्पा मात्र सरकारच्या व्यवस्थापनातल्या संस्थांसाठी. वऱ्हाडातली बहुतेक महाविद्यालयं शिक्षणसंस्थांनी काढलेली. तेव्हा देश एकच आहे, आपण त्याच्या दुसऱ्या टप्प्यात राहतो.

सगळ्यात नवी सेवा म्हणजे वाङ्मयचौर्याची तपासणी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनी दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य माफ, पुढं पायरीपायरीनं शिक्षा, साठाच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. सॉफ्टवेअर हाताशी असतं म्हणून संशोधक ग्रंथपालाकडे येतो आणि दबक्या आवाजात म्हणतो, "सर, बेचाळीस आले जी. दहावर आणून देता का?" दहाच्या खाली उतरवायला प्रबंध पुन्हा लिहावा लागतो, हे ऐकून त्याला ग्रंथपाल आडमुठा वाटतो.

आता गुण नसलेल्या सेवेचं सांगतो. मेळघाटातली एक पोरगी. घरात कोरकू बोलतात, कॉलेजात आलेली घरातली पहिलीच. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायची शेवटची तारीख. आधारला नंबर जोडलेला बापाचा, म्हणून ओटीपी गेला बापाच्या मोबाइलवर, आणि बाप सेमाडोहच्या पुढं, जिथं रेंज मिळवायला टेकडी चढावी लागते. ग्रंथपालानं तिच्या गावच्या ओळखीच्या माणसाला फोन लावला, त्या माणसानं बापाला टेकडीवर धाडलं. तोवर आधीच्या ओटीपीची मुदत संपली. पुन्हा मागवला. असं चार-पाचदा. शिपाई किल्ल्यांचा जुडगा वाजवत दाराशी उभा, कारण ग्रंथालय साडेपाचला बंद करायचा आदेश. अर्ज गेला तेव्हा अंधार पडला होता. ही सेवा कुठल्या रकान्यात लिहायची? 'ग्रंथालय वापरकर्ता'सुद्धा म्हणता येत नाही, पोरीनं घाईत रजिस्टरवर सही केलीच नव्हती.

ग्रंथालय रात्री नऊपर्यंत उघडं ठेवलं तर खासगी अभ्यासिकांना महिन्याला पैसे मोजणारी निम्मी पोरं इथंच बसतील. खुर्ची, उजेड, शांतता आणि स्वच्छ मुतारी ही काही हलकी सेवा नाही. पण त्याला दुसरा माणूस लागतो, आणि माणसाला गुण नाहीत.

दुसरं एक काम तर कोणी मागतही नाही. नव्या अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट आलंय. एक विद्यार्थी परवा इमादशाहीवर पुस्तक मागायला आला. मागणी अगदी रास्त. १४९० साली फतहुल्ला इमाद-उल-मुल्कानं वऱ्हाडची स्वतंत्र गादी उभी केली, १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीनं ती गिळली, आणि तिची राजधानी एलिचपूर, म्हणजे हेच अचलपूर. हौज कटोरा इथून हाकेच्या अंतरावर. ग्रंथपालानं संगणकावर शोधलं. परदेशी नियतकालिकातला दख्खनवरचा एक इंग्रजी लेख निघाला. मराठीत शून्य. पोरानं मग विकिपीडियाच्या चार पानांची छपाई घेतली आणि तो प्रकल्प जमा झाला.

१९११चं अमरावती जिल्ह्याचं गॅझेटिअर, रिद्धपूरच्या महानुभावांच्या पोथ्यांच्या प्रती, फिनले मिलच्या कामगारांच्या आठवणी, मूर्तिजापूरच्या शकुंतला गाडीचे कागद, कोरकू म्हाताऱ्यांनी सांगितलेल्या गोष्टी. हे जमवायला सहा हजार कोटी लागत नाहीत. एक कपाट, एक स्कॅनर, ध्वनिमुद्रणाला मोबाइल आणि कॉलेजातलीच दहा पोरं एवढ्यावर भागतं. जगातली तेरा हजार नियतकालिकं आत आणायची धडपड चाललीय तर गावातलं एखादं पान बाहेरही जाऊ द्यावं.

म्हणून नॅकला माझी नम्र सूचना आहे, स्थानिक संग्रहाला अर्धा गुण ठेवा. आठ दिवसांत वऱ्हाडातल्या प्रत्येक महाविद्यालयात 'इमादशाही दालन' उघडेल, फीत कापली जाईल, फोटो फाईलला लागेल. दालनाला कुलूप असेल. किल्ली ग्रंथपालांकडे, आणि ग्रंथपाल परीक्षा केंद्रावर.