पाहुण्याला कस्तूर ओळखून दाखवण्याची पद्धत

गुहागरला पाहुणा आला की व्याडेश्वर, समुद्र आणि हेदवीचा गणपती एवढ्यावर हल्ली भागत नाही. पुण्याचा भाचा गळ्यात दुर्बीण अडकवून येतो आणि पक्ष्यांची नावं विचारतो. अशा वेळी मामाने पुढीलप्रमाणे वागावे.

निळसर, साधारण साळुंकीएवढा पक्षी दिसला तर पक्ष्याकडे बघू नये. आधी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघावे. पावसाळा असेल तर बेलाशक 'शीळकरी कस्तूर' म्हणावे. थंडी असेल आणि स्वारी अंजनवेलला गोपाळगडाच्या तटावर किंवा चिरेखाणीच्या कडेला उन्हात बसली असेल, तर 'निळा कस्तूर'. हा हिमालयाकडून हिवाळा काढायला येतो आणि उन्हाळा तापला की निघून जातो. तो माल्टा देशाचा राष्ट्रीय पक्षी आहे, हे वाक्य चहाचा घोट घेऊन सावकाश टाकावे.

शीळकरी इथलाच, भारत सोडून तो जात नाही. थंडीतही असतो, पण पऱ्याकाठच्या सावलीत, तोंड मिटून. ते तोंड मृगाच्या आसपास उघडते आणि नेमके पहाटे, पांघरूण सोडवत नाही तेव्हा. सूर सुरेख लागतो, चाल धरते, मग भरकटते. सम काही येत नाही. साहेबाने त्याला शीळ घालणारा शाळकरी पोर म्हटले आहे. पोरावर निदान ओरडता तरी येते.

रंगावर वाद घालायचाच असेल तर शीळकरी काळपट, कपाळावर आणि खांद्यावर चकाकता निळा, नर-मादी सारखेच. निळ्या कस्तुराची मादी मात्र निळी नसतेच, ती तपकिरी-करडी आणि खवलेदार असते. तिला भाचा तिसरीच जात ठरवील. ठरवू द्यावे.

शीळकरी खेकडेही खातो, दगडावर आपटून. पहिल्या पावसात पऱ्यावर खेकडे धरायला जाणाऱ्याने हा प्रतिस्पर्धी ध्यानात ठेवावा.

हरायची वेळ आलीच, तर शेवटचे अस्त्र काढावे: शास्त्रज्ञांनी या दोघांनाही कस्तुरांच्या कुळातून काढून परसातल्या दयाळाच्या कुळात, म्हणजे माशीमारांत घातले आहे. खरा कस्तूर पाहायचा तर पोफळीखाली पाचोळा उलथणारा नारिंगी डोक्याचा. भाचा फोनवर शोधू लागेल. शोधू द्या, खरेच निघते. तोवर पक्षी उडून गेलेला असतो, आणि तुम्ही म्हणाल तोच तो होता.