स्थानिक चॅप्टर : हेतू, हिशेब आणि फ्लेक्स

मुक्त ज्ञानाच्या चळवळीत, म्हणजे ज्याला जे ठाऊक आहे ते त्याने विनामोबदला लिहावे आणि ज्याला हवे त्याने ते फुकट वाचावे, वापरावे व पुन्हा छापावे अशा व्यवहारात, कोणत्याही नोंदणीकृत मंडळावाचून काम अडत नाही, हे मराठी विकिपीडियाने केव्हाच सिद्ध केले आहे. हा कोश १ मे २००३ रोजी सुरू झाला आणि आज ज्यांच्याकडे त्याचे पालकत्व आहे ते विकिमीडिया फाउंडेशन अमेरिकेत २० जून २००३ रोजी जन्मले. लेकरू आधी आणि आईबाप मागाहून, असा हा वंशवृक्ष असल्याने पुढे देशोदेशी मामा-काकांचीही आवश्यकता भासली आणि चॅप्टर निर्माण झाले.

चॅप्टर म्हणजे एखाद्या देशातील विकिपीडियाप्रेमींनी तेथील कायद्यानुसार नोंदवलेली आणि फाउंडेशनने मान्यता दिलेली स्वतंत्र संस्था. कोशातील मजकुरावर तिचा काडीचाही अधिकार नसतो आणि सर्व्हरही तिच्या मालकीचे नसतात. उरतात ते अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि गणपूर्तीअभावी तहकूब होऊन अर्ध्या तासाने त्याच जागी, त्याच माणसांत भरणारी वार्षिक सर्वसाधारण सभा. २००४ मध्ये स्थापन झालेल्या जर्मन चॅप्टरने पगारी माणसे नेमून विकिडेटा हा यंत्रालाही वाचता येणारा माहितीसाठा उभारला, त्यामुळे चॅप्टर निरुपयोगीच असतात असे विधान सरसकट करता येत नाही, ही उपहासकाची मोठीच गैरसोय आहे.

ती भारताने दूर केली. येथील चॅप्टर २०११ मध्ये बंगळुरूत नोंदले गेले, परंतु निधी साता समुद्रापलीकडे आणि मध्ये विदेशी योगदानाचे नियमन करणारा २०१० चा कायदा, अशी त्याची स्थिती होती. या कायद्याखाली नोंदणी हवी असलेली संस्था किमान तीन वर्षे जुनी असावी आणि तिने त्या काळात आपल्या उद्दिष्टांवर किमान १० लाख रुपये खर्च केलेले असावेत, अशी अट होती. म्हणजे पैसे नाहीत म्हणून हात पसरणाऱ्याने आधी पैसे उधळून दाखवावेत. २०२० मध्ये ही रक्कम १५ लाख झाली, बहुधा गरजूंची पारख अधिक चोख व्हावी म्हणून. तोवर चॅप्टर या चिंतेतून मुक्त झाले होते, कारण निधी स्वीकारण्यास लागणारे परवाने नाहीत या व अन्य कारणांनी २०१९ मध्ये त्याची मान्यताच काढून घेण्यात आली. भारतीय भाषांतील कोश मात्र वाढतच राहिले, ही बाब धोरणकर्त्यांनी फारशी मनावर घेतलेली दिसत नाही.

निधी जेथे पोहोचतो तेथे त्याचे सर्वांत दृश्य रूप म्हणजे कार्यशाळा. फ्लेक्स लागतो, दीपप्रज्वलन होते, प्रमुख पाहुणे ज्ञान मुक्त असावे असे सांगून दुसऱ्या कार्यक्रमास निघून जातात, आणि मग तीस नवशिके एकाच वाय-फायवरून खाती उघडू लागतात. एका जोडणीवरून दिवसाला सहाच खाती उघडू द्यावीत, असा विकिपीडियाचा उपद्रव रोखण्यासाठीचा नियम असल्याने, आयोजकाने आगाऊ सवलत घेतलेली नसेल तर सातव्या ज्ञानपिपासूला यंत्रणा उपद्रवी समजून दारातच अडवते. तोपर्यंत चहा आलेला असतो. अहवालात उपस्थिती तीस लागते, सातव्यापासूनचे सारे ‘तांत्रिक अडथळे’ या मथळ्याखाली जातात, आणि त्यांच्या निवारणार्थ पुढील वर्षाच्या अर्जात स्वतंत्र तरतूद मागितली जाते.