शनिवारची बचत

वीज, पाणी, पेट्रोल वाचावं म्हणून २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारच्या बहुतेक कचेऱ्या आठवड्यातून पाचच दिवस उघडतात. बदल्यात दिवस ४५ मिनिटांनी लांबला. सुटायची वेळ सव्वासहा. (त्या ४५ मिनिटांत नेमकं काय होतं, हे बोरिवली लोकलच्या विंडो सीटला विचारावं.) वीज वाचलीही असेल. पण पूर्वी पहिल्या-तिसऱ्या शनिवारी दाखल्यासाठी जाणारा घाटकोपरचा माणूस आता बुधवारी अर्धी रजा टाकतो, रिक्षाला पैसे मोजतो, ‘साहेब मीटिंगला गेलेत’ ऐकतो आणि सोमवारी पुन्हा येतो. त्याची रजा आणि रिक्षाभाडं कुठल्या लेखाशीर्षाखाली दाखवायचं, ते वित्त विभागाने अद्याप कळवलेलं नाही.