पडद्यावरचा खांब

वीजवाहिनीवर काम करणाऱ्यांना सुरक्षेचे धडे सभागृहात, पंख्याखाली, पडद्यावरच्या चित्रांतून द्यावेत, हे ज्या कुणा विभूतीला सुचले, तिचे जाहीर अभिनंदन. मेळघाटच्या पावसात, सागाची फांदी पडलेल्या 11 केव्हीच्या तारेखाली उभे राहून शिकण्यात काय हशील? बूट चिखलाने भरतात. पडद्यावर सारे कसे स्वच्छ: आधी परमिट घ्यावे, एबी स्विच उघडावा, लाईन बंद असल्याची खात्री करावी, दोन्ही बाजूंनी अर्थिंग करावे, मगच चढावे. रबरी हातमोजेही दाखवतात, फोटोत. 4 मार्चला, लाईनमन दिनी, गुलाबाचे फूल मिळाले तर ते मात्र खरे असते.

आमची नम्र सूचना एवढीच की, धारणीकडच्या कंत्राटी पोरांना यापुढे खांबही फोटोतलाच द्यावा. कितीही चढा, अपघात शून्य! जंगलातला फॉल्टही मग फोटोतच दुरुस्त व्हावा. अडचण फक्त एक. ऐन सादरीकरणात लाईन गेली, तर प्रोजेक्टर बंद पडतो आणि समोर बसलेल्यांपैकीच एखाद्याला पक्कड देऊन खऱ्या खांबावर पाठवावे लागते. संबंधिताने त्या वेळी हातमोजे मागू नयेत. ते पुढच्या स्लाइडवर आहेत.